शेजारचे गुरुजी

काळाचौकीच्या ज्या चाळींत माझें बालपण गेलें, तेथें आमच्या खोलीला लागूनच एक वृद्ध गृहस्थ राहत असत. महापालिकेच्या प्राथमिक शाळेंत त्यांनीं आयुष्यभर मुलें शिकविलीं होतीं. निवृत्त होऊन बरींच वर्षें लोटलीं होतीं, तरी साऱ्या चाळीचे ते गुरुजीच. गिरणगांवांत हा मान मोठा. ह्याच कामगारवस्तींत वाढलेले कवि नारायण सुर्वे प्रथम शाळेंत शिपाई होते व पुढें महापालिकेच्या शाळेंत शिक्षक झाले. तें उदाहरण गुरुजी आम्हांस अभिमानानें सांगत.

ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार घरीं बसले. बिऱ्हाडांमागून बिऱ्हाडें कोंकणांत, साताऱ्याकडे परतूं लागलीं. माझे वडील साचेवाले. त्यांनींही गांवीं जाण्याचें ठरविलें. माझी शालान्त परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. त्या रात्रीं गुरुजी आमच्या दारांत आले व म्हणाले, "तुम्ही सुखरूप जा. पोराला परीक्षेपर्यंत माझ्याकडे ठेवा."

कुणाचें मिंधें होणें वडिलांच्या स्वभावांत नव्हतें. तें ओळखून गुरुजी म्हणाले, "फुकट ठेवीत नाहीं. संध्याकाळीं धाकट्यांना तो शिकवील."

असा मी शिक्षक झालों! रोज संध्याकाळीं गॅलरींत वर्ग भरे. गुरुजींच्या वहींत सोळा नांवें होतीं. मार्चअखेर हजर उरलीं सहा. गांवीं गेलेल्यांचीं नांवेंही ते रोज पुकारीत. "तीं खोडावीं काय?" असें मीं एकदां विचारलें. ते म्हणाले, "राहूं दे. पोर परत आलें, तर त्याला आपली जागा दिसली पाहिजे."

मी उत्तीर्ण झालों. तो संप रीतसर कधींच मागें घेतला गेला नाहीं. वडील पुन्हां गिरणींत गेले नाहींत. त्यांनीं गांवाहून ज्वारीची एक गोणी पाठविली, ती गुरुजींनीं शेजाऱ्यापाजाऱ्यांत मापानें वांटून टाकली.

गुरुजी वारले, त्या दिवशीं मी शाळेंत वर्गावर होतों. अंत्यदर्शन घडलें नाहीं. त्यांचे उपकार त्यांच्यासमोर मीं कधीं बोलून दाखविले नव्हते. बोललों असतों, तर त्यांनीं हंसून विषय बदलला असता. तरीही तें बोलणें माझें कर्तव्य होतें. ज्या श्रोत्यांचे गुरुजी अद्याप हयात असतील, त्यांनीं तें उद्यांवर टाकूं नये, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.