लव्हाळा: शेतातला आणि ओढ्यातला

खुरपायला बसलं की सगळ्यात जास्त शिव्या खातो तो लव्हाळा. आज काढावा, तर आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवागार. 1977 साली अमेरिकेतल्या लेरॉय होम आणि त्यांच्या सोबत्यांनी जगातल्या सगळ्यात वाईट तणांवर जाडजूड पुस्तक काढलं. त्यात पहिला नंबर यालाच दिलाय. तेव्हा आपली कटकट उगाच नाही.

लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो गवत नाही. त्याचा तुऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवून बघा, तीन कडा बोटांना लागतील. गवताची काडी गोल आणि तिला पेरं असतात. लव्हाळ्याच्या दांड्याला पेर नाही, आत गर भरलेला. पानंही तीन दिशांना निघतात.

खरा लव्हाळा मात्र जमिनीखाली असतो. काळपट, सुवासिक गाठी. उटण्यात घालतो तो नागरमोथा हाच! एका गाठीतून दोऱ्यासारखा फाटा निघतो, त्याला दुसरी गाठ, मग तिसरी, अशी माळ होते. बी क्वचितच उगवतं, सगळा वंश या गाठींवर चालतो. आता गंमत ऐका. माळ अखंड असते तोवर एखादी गाठ फुटते आणि बाकीच्या बऱ्याचशा झोपून राहतात. खुरप्यानं माळ तुटली की त्या झोपलेल्या जाग्या होतात. म्हणून वरवर खुरपलं की लव्हाळा कमी व्हायच्या ऐवजी दाट होतो. रोटाव्हेटर तर माळेचे तुकडे शेतभर वाटत जातो. मल्चिंगचा कागदसुद्धा याचं टोकदार कोंब फोडून वर येतं.

मग करायचं काय? त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, कडक ऊन. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात. उन्हाळ्यात नांगरट करून ढेकळं तापू द्या, गाठ पार वाळली की मरते. पण मध्येच पाणी दिलं तर मेहनत वाया. दुसरी, सावली. तागाची दाट पेरणी केली की खाली तो खुरटतो. आणि उपटलेला लव्हाळा ओला असताना उकिरड्यावर टाकू नका, शेणखताबरोबर पुन्हा शेतात येईल.

लव्हाळा हेच नाव आपण ओढ्याकाठच्या त्याच्या उंच भावंडांनाही देतो. चिखलात हवा नसते, तिथं दुसरी झाडं कुजतात. यांच्या अंगात मात्र हवेच्या बारीक वाटा असतात, पानांकडून मुळांपर्यंत. पूर आला की दांडे वाकतात, पाणी वरून जातं आणि खालची मुळं काठाची माती धरून ठेवतात. तुकोबांच्या अभंगातलं लव्हाळं पुरात टिकतं ते यामुळं. त्याच जाळीत पाणकोंबडी घरटं करते, बेडकं लपतात. तमिळनाडूत पत्तमडईच्या बाया असल्याच दांड्यांच्या बारीक चटया विणतात, त्या दूरवर विकल्या जातात.

गटानं ओढा साफ करायचं ठरवलं, की आपण काठ पार बोडका करतो. मला ते पटत नाही. प्लॅस्टिक काढा, अडकलेला कचरा काढा. काठाचा लव्हाळा तेवढा राहू द्या. तो शेतात शिरेल अशी धास्ती असेल, तर एक रोप मुळासकट उपटा. काळ्या, सुवासिक गाठींची माळ निघाली तर तो शेतातला, बांधाजवळचा तेवढा काढा. तशी माळ नसेल, तर त्या झाडाला बारमाही ओल लागते. आपल्या कोरड्या रानात ते टिकायचं नाही.