हाड मोडते, दोष कुणाचा?



आमच्या नात्यात एक मुलगा आहे. सहा वर्षांचा होईतो त्याचे हाड चार वेळा मोडले. एकदा तर नुसता उंबरठ्याला अडखळला, एवढेच निमित्त! शेजारीपाजारी कुजबुजू लागले, "बाप मारतो वाटतं." कुणी म्हणाले, आईने ग्रहण पाळले नाही. ती माऊली रडून रडून अर्धी झाली.

पुढे शहरातल्या डॉक्टरांनी पायाआधी मुलाचे डोळे पाहिले. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग निळसर होता. मग त्यांनी विचारले, "घरात आणखी कुणाचे डोळे असे आहेत का? तरुणपणीच कुणाला कमी ऐकू येऊ लागले का? कुणाचे दात ठिसूळ होते का?" आणि कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ मांडली. आजोबा तिशीतच बहिरे झालेले, बापाचा हात लहानपणी दोनदा मोडलेला. हे सारे तेव्हा कुठे आठवले!

हा ठिसूळ हाडांचा आनुवंशिक रोग. १५ ते २० हजार जन्मांत साधारण एखाद्याला होणारा. स्वीडनमध्ये एकमन यांनी १७८८ साली आपल्या प्रबंधात अशाच एका घराण्याच्या तीन पिढ्यांची हकिकत लिहिली होती.

हाडाला कठीणपणा येतो चुन्याने, पण चिवटपणा येतो कोलॅजन नावाच्या धाग्यांनी. भिंतीच्या मातीत आपण भुसा कालवतो ना, तसेच. बहुतेक रोग्यांत हे धागे घडविणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात बिघाड असतो. आई किंवा बाप रोगी असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा. पण कधी आईबाप धडधाकट असतात नि बिघाड मुलातच प्रथम उपजतो. काही विरळ प्रकारांत दोघांकडूनही दोष यावा लागतो. तिथे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपली चाल धोका वाढविते. म्हणून वंशावळ कोरी निघाली तरी शंका सोडू नये. क्ष-किरण चित्र आणि जनुकांची तपासणी करून घ्यावी.

रोग मुळापासून जात नाही हे खरे. तरी हाडे बळकट करणारी औषधे आहेत, हाडात सळई घालता येते, बेताचा व्यायामही उपयोगी पडतो.

गुरुजनहो, वर्गात वारंवार हाड मोडणारे मूल दिसले, तर त्याला मारहाण होत नाही ना, हे जरूर पाहा. पण दोष ठरविण्याआधी त्याला डॉक्टरांकडे पाठवा, आणि त्याची शाळा सुटू देऊ नका.

तो मुलगा आज शाळेत जातो. मधल्या सुट्टीत दोन मित्र त्याच्या दोहो बाजूंनी चालतात. आईला आता कुणी बोल लावत नाही. बापालाही लावू नये. हा वारसा काही त्याने मागून घेतलेला नव्हता.