मास्तरांच्या हाती बंदूक?
(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वक्ता नाही. रेल्वेत सिग्नलचे काम करणारा डिप्लोमावाला माणूस आहे. आरतीला उशीर होणार नाही, एवढे आश्वासन आधीच देतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे नववीतल्या एका मुलाने आपल्या शिक्षकावर गोळी झाडली. पिस्तूल त्याने जेवणाच्या डब्यातून आणले होते. ती बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत एक काका म्हणाले, "आता मास्तरांनाच पिस्तूल द्यायला पाहिजे." चार जणांनी माना डोलावल्या. खरे सांगतो, क्षणभर मलाही पटले, कारण आमची सौ. शाळेत शिकवते.

पण माझ्या कामाचा एक नियम आहे. आमची यंत्रणा बिघडली, तर ती सुरक्षिततेच्या बाजूने बिघडली पाहिजे. ट्रॅक सर्किटची तार तुटली की रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. गाडी खोळंबते, साहेब ओरडतात, प्रवासी शिव्या देतात, पण माणूस मरत नाही. बंदुकीचे उलटे आहे. ती बिघडते तेव्हा, किंवा ती धरणारा बिघडतो तेव्हा, गोळीच सुटते.

पेशावरच्या शाळेवर १६ डिसेंबर २०१४ रोजी अतिरेक्यांनी हल्ला केला, सव्वाशेहून अधिक मुले गेली. त्यानंतर तिथल्या प्रांतिक सरकारने शिक्षकांना शाळेत शस्त्र आणण्याची मुभा दिली. त्या वेळी आईबापांना ते नक्कीच योग्य वाटले असेल. पुढे २०१५ मध्ये स्वात खोऱ्यातल्या एका शाळेत शिक्षकाचे पिस्तूल साफ करताना सुटले आणि पाचवीतला मुलगा दगावला. अतिरेकी आलाच नव्हता.

कोणी म्हणेल, प्रशिक्षण द्या. अमेरिकेत उवाल्डीच्या शाळेत मे २०२२ मध्ये १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. पोलीस आणि इतर दलांचे मिळून ३७६ जण तिथे पोहोचले होते, तरी हल्लेखोराला संपवायला ७७ मिनिटे लागली. ते तर पगारी, शिकलेले शिपाई! आपल्याच रेल्वेतले पाहा. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर–मुंबई गाडीत सुरक्षा दलाच्याच एका जवानाने सरकारी रायफलीने आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी मारले. त्या गाडीत रायफल प्रवाशांच्या रक्षणासाठीच होती. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि दूर कशाला, आपल्या छत्तीसगडनेच हा प्रयोग करून पाहिला आहे. बस्तरमध्ये साध्या गावकरी पोरांना विशेष पोलीस अधिकारी नेमले. महिना ३००० रुपये मानधन, पाचवी पासला प्राधान्य, दोन महिन्यांचे शिक्षण आणि हातात बंदूक. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही शस्त्रे परत घ्यायला सांगितले. त्याच काळात तिथल्या शाळांच्या इमारतींत सशस्त्र दले उतरली होती, आणि नक्षलवाद्यांनी कितीतरी शाळा उडवल्या. बंदूक शाळेत आली आणि शाळाच निशाणा झाली.

मग घाबरलेल्या आईबापांनी काय करायचे? आधी स्वतःचे कपाट बघायचे. हरियाणातील यमुनानगरात जानेवारी २०१८ मध्ये बारावीच्या मुलाने मुख्याध्यापिकेला मारले, ते वडिलांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरने. ते घरात कुलपात असते, तर?

फाटकावर चौकीदार हवा, मुलांशी बोलणारा समुपदेशक हवा, पन्नास-साठ मुलांचा वर्ग कमी करायला हवा. याला पैसे लागतात, म्हणून पिस्तुलाची गोष्ट सोपी वाटते.

सौ.ला मी विचारले, "तुला पिस्तूल दिले तर?" ती म्हणाली, "ठेवू कुठे? खडूच्या डब्यात?" मग तिने एक जुनी गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. तिच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, त्याच्या दप्तरात चाकू आहे. माझं नाव सांगू नका." तिने ज्याचे दप्तर होते त्याला बाजूला बोलावले, पाठीवर हात ठेवला, चाकू मागितला. त्याने काढून दिला आणि रडायला लागला. मोठी मुले त्याला रोज मारत होती. घरी कोणाला सांगितले नव्हते.

मी तिला म्हटले, "तुला भीती नाही वाटली?" म्हणाली, "वाटली ना. पण माझे हात रिकामे होते म्हणून तर ती दोन्ही पोरं माझ्याजवळ आली."