लेकीच्या बी.एड.साठी कर्ज काढण्याआधी

(प्रभाग संघाच्या सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या मार्गदर्शनाचा मजकूर)



आजच्या अजेंड्यावर विषय लिहिलाय "उच्च शिक्षणासाठी अर्थसाहाय्य". सोपं करून सांगते. पोरगी बी.ए., बी.एस्सी. झाली. तिला आता बी.एड. करायचंय, किंवा बी.एड. झालंय आणि एम.एड. करायचंय. पैसा कुठून आणायचा?

गटांची कर्ज मागणीपत्रं बघताना 'कारण' या रकान्यात "मुलीची फी", "सुनेचे बी.एड." असं आता वरचेवर दिसतं. वाचून बरं वाटतं. आधी तिथं खतं, दवाखाना आणि लग्न एवढंच असायचं. पण चौकशी केली की कळतं, यातल्या कितीतरी जणींना ती फी भरायची गरजच नव्हती. ती सरकार भरतं. माहिती नाही म्हणून आपण कर्ज काढतो.

हिशोब आपणच करू. फी ३०,००० धरा. गटातून शेकडा २ ने घेतले तर महिन्याला ६०० रुपये व्याज. मुद्दल फिटलं नाही तर वर्षाचे ७,२०० झाले. बी.एड. दोन वर्षांचं आहे. आणि मायक्रोफायनान्सचं घेतलं तर हप्ता चुकल्यावर दारात कोण येऊन बसतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता काय काय मिळतं ते बघू.

पहिलं, अनुसूचित जाती आणि जमातीच्या मुली. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यात फीही येते आणि निर्वाह भत्ताही. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीची सवलत आहे.

दुसरं, ओबीसी, मराठा समाजातल्या म्हणजे एसईबीसी, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या मुली. यांना आधी निम्मी फी माफ होती. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी मुलींसाठी पूर्ण माफ झाली. बी.एड. हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ही वहीत लिहून घ्या. ही माफी मिळते ती सीईटी देऊन, सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मिळत नाही. आपल्या एका गटातल्या ताईंच्या घरी असाच एक माणूस आला होता. "सीईटीच्या भानगडीत कशाला पडता, डायरेक्ट ॲडमिशन करून देतो," म्हणाला. मुलीला सीईटीत मार्क चांगले होते, कॅपमधून नंबर लागला असता. ताईंनी भीतीपोटी मंगळसूत्र गहाण ठेवायची तयारी केली होती. पैसे द्यायच्या आदल्या दिवशी सीआरपी ताईंनी अडवलं. मुलगी आता फी न भरता शिकतेय आणि मंगळसूत्र ताईंच्या गळ्यात आहे. म्हणून सांगते, "डायरेक्ट" हा शब्द कुणी काढला की आधी ग्रामसंघात विचारा.

सीईटीचे अर्ज साधारण नवीन वर्षाच्या सुरुवातीला भरले जातात. म्हणजे नेमके आपल्याकडे कांद्याची लागण आणि द्राक्षाच्या कामाची गडबड असते तेव्हा. तेव्हाच तारीख हुकते. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज भरायचा. बी.एड.ला पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. आणि प्रवेश पक्का करण्याआधी महाडीबीटी पोर्टलवर त्या कॉलेजचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव दिसतंय का, ते मुलीला मोबाईलवर बघायला लावा. नाव नसेल तर शिष्यवृत्तीचा फॉर्मच भरता येणार नाही.

कागदपत्रांचं सांगते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर (ओबीसी, एसईबीसीसाठी), डोमिसाइल, मार्कशीट, रेशनकार्ड आणि मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्यामुळे ती आधी हातात घ्या. बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, कारण पैसे आधार जोडलेल्या खात्यावरच येतात. पोरीचं जुनं शाळेतलं खातं बंद पडलं असेल तर पैसे अडकतात.

सुनांसाठी वेगळं सांगते, कारण इथं बऱ्याच जणी स्वतः सासूबाई आहात. लग्नानंतर नाव बदललं तरी जातीचा दाखला आणि वैधता वडिलांकडच्या कागदांवरच निघते. माहेरी जाऊन वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला आणावा लागतो. सून दिवाळीला माहेरी जाईल तेव्हा हे काम सांगून पाठवा. मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा.

फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं नाही. अर्ज आधी कॉलेजकडे जातो, मग खात्याकडे. "सेंड बॅक" असं दिसलं तर काहीतरी चुकलंय, मुदतीत दुरुस्त करायचं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा, तो आपोआप होत नाही. आणि अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा मुलीच्या खात्यावर येतो. त्यात कॉलेजची फी असते. ते पैसे घरखर्चाला वापरले की नंतर कॉलेज दाखले अडवतं आणि भांडण होतं.

आता फी माफ झाली म्हणजे सगळं फुकट झालं का? नाही. बसचा पास, पुस्तकं, सराव पाठाचं साहित्य, कॉलेजची इतर शुल्कं, खोलीभाडं हे राहतंच. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर राहण्या-जेवणासाठी योजना आहेत. अनुसूचित जातीला स्वाधार, जमातीला पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम्, ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. पेठ, सुरगाणा, कळवणच्या ताईंनी लक्षात ठेवा, आदिवासी विकासचे प्रकल्प कार्यालय नाशिकलाही आहे आणि कळवणलाही.

एवढं करूनही जे कमी पडेल, त्यासाठी गटाचं कर्ज. पाच-सात हजारांचं, छोटं. मोठी रक्कम लागलीच तर बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्षाने हप्ते सुरू होतात. मायक्रोफायनान्स सगळ्यात शेवटी, आणि खरं तर नकोच.

एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण नंतर कुणी म्हणायला नको की ताईंनी स्वप्नं दाखवली. बी.एड. झालं की नोकरी लागली असं नाही. पुढे टीईटी, मग टेट, मग पवित्र पोर्टलवरून भरती. आणि २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालत नाही, त्याला डी.एल.एड. लागतं. मुलीला कोणत्या वर्गाला शिकवायचंय ते आधी ठरवा, मग कोर्स. बी.एड. कॉलेजवर शिकवायचं असेल तर एम.एड. आणि नेट किंवा सेट. त्यापुढे पीएच.डी.ला बार्टी, सारथी, महाज्योतीची फेलोशिप असते. घर सोडता येत नाही अशांसाठी आपल्या नाशिकचंच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली सुरू झालेलं. तिथं शिक्षणशास्त्रात एम.ए. करता येतं. तिथलं बी.एड. मात्र आधीच शिक्षक असलेल्यांसाठी आहे.

मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. शिष्यवृत्तीवर केलंय. आईला एक रुपया फी भरावी लागली नाही. तिला फक्त तहसीलला चार चकरा माराव्या लागल्या, आणि त्या दिवसांची मजुरी बुडाली. ती मजुरी हाच तिचा खर्च. म्हणून चकरा कमी कशा होतील ते आपण बघायचं.

तर पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघाने तीन कामं करून या. एक, गावातल्या बारावी ते पदवी शिकणाऱ्या मुली आणि सुनांची यादी. दोन, कुणाचा कोणता दाखला नाही, त्याची यादी. तीन, तहसीलला एकेकटीने न जाता पाच-पाच जणींनी एका दिवशी जायचं, त्याची तारीख. आणि कर्ज मागणीत "मुलीची फी" असं लिहून आलं, तर मंजुरीआधी एकच प्रश्न विचारा: महाडीबीटीचा फॉर्म भरला का?

यादी सीआरपी ताईंकडे द्या, मी त्यांच्याकडून घेईन.