खोके उघडले म्हणून हक्क संपत नाही

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२४ डिसेंबर हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. १९८६ मध्ये याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला त्याआधीची बारा वर्षेही विसरता येणार नाहीत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ना हा कायदा होता, ना ग्राहक न्यायालये होती. समाज जागा आणि संघटित असेल तर कायदा त्याच्या मागून येतो, एवढा धडा त्या कामाने आपल्याला दिला.

ग्राहक चळवळीच्या सर्व अंगांविषयी मी आज बोलणार नाही. एकच, वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न आपल्यासमोर ठेवतो. दुकानातून आणलेली विजेची वा इलेक्ट्रॉनिक वस्तू घरी येऊन उघडली आणि ती सदोष निघाली, तर ती परत करण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही?

दसऱ्याच्या मुहूर्तावर एका निवृत्त शिक्षकाने साठवलेल्या पैशांतून दूरचित्रवाणी संच घेतला, असे समजा. घरी खोके उघडले, जोडणी झाली आणि पडद्यावर उभी काळी रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात गेले. तेथे त्यांना तीन उत्तरे मिळतात. पहिले, "सील फुटले आहे, आता माल परत होणार नाही." दुसरे, "बिलावर लिहिलेच आहे, वाचा." आणि तिसरे, "आम्ही फक्त विकतो, तुम्ही कंपनीशी बोला." गुरुजी मुकाट्याने घरी परततात. या तीन उत्तरांपैकी एकही कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. ते का, हे क्रमाने पाहू.

उघडणे म्हणजे स्वीकारणे नव्हे

पहिले उत्तर सीलचे. खोक्यावरची चिकटपट्टी कशासाठी असते? कारखान्यातून निघालेला माल वाटेत कोणी बदलला नाही, त्यातले सुटे भाग काढून घेतले नाहीत, याची खूण म्हणून. ती ग्राहकाच्या विश्वासासाठी आहे. ग्राहकाने ती काढली की त्याचा हक्क संपला, असे कोणताही कायदा म्हणत नाही.

उलट आपल्याकडील १९३० चा मालविक्री कायदा नेमके विरुद्ध सांगतो. त्याच्या ४१ व्या कलमाचा आशय असा की, खरेदीदाराने आधी न तपासलेला माल त्याच्या हाती आला, तर तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानता येत नाही. बंद खोक्यातील यंत्र तपासायचे तर ते उघडावे लागते, चालू करून पाहावे लागते. नारळ फोडल्याखेरीज तो नासका आहे की नाही हे कळत नाही. म्हणजे खोके उघडणे ही तपासणी आहे, स्वीकृती नव्हे. मात्र ४२ वे कलम ग्राहकालाही एक बंधन घालते. माल नाकारायचा असेल तर तसे वाजवी मुदतीत कळवले पाहिजे. महिनोन् महिने वापरून मग 'मला हा मान्यच नव्हता' असे म्हणता येणार नाही.

बिलावरची ओळ कायद्यापेक्षा मोठी नाही

दुसरे उत्तर बिलावरच्या छापील ओळीचे. 'एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही' ही ओळ आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तोच कायदा आहे असे अनेकांना वाटते. या ओळीविरुद्ध केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने १९९९ मध्येच राज्यांना कळवले होते. आता तर शंकेला जागाच उरलेली नाही. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घेण्यास आणि त्याची किंमत परत करण्यास नकार देणे, ही त्या यादीत स्पष्टपणे नोंदवलेली अनुचित प्रथा आहे. बिलावर त्यासाठी काही मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि दिली नसेल तर तीस दिवसांत, अशी तरतूद आहे. बिल न देणे हीसुद्धा याच यादीतील अनुचित प्रथा आहे.

येथे 'सदोष' या शब्दाकडे लक्ष द्यावे. गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांत कायद्याने, कराराने वा विक्रेत्याच्या स्वतःच्या दाव्याने जे अपेक्षित आहे त्यात उणीव असणे, म्हणजे दोष. जाहिरातीत सांगितलेले वैशिष्ट्य यंत्रात नसेल, तर त्याचाही विचार यात होतो.

दुकानदार बाजूला होऊ शकत नाही

तिसरे उत्तर सर्वांत चलाख आहे. 'कंपनीशी बोला.' मग सेवा केंद्राचे हेलपाटे सुरू होतात. तंत्रज्ञ येऊन पाहतो, वस्तू मुळातच बंद होती असा दाखला देतो किंवा देत नाही आणि तोवर दुकानातील बदलून देण्याची मुदत उलटून जाते. अनेकदा ग्राहकाच्या गळ्यात नव्या वस्तूऐवजी दुरुस्त केलेली वस्तू पडते.

ग्राहकाने पैसे दुकानदाराला दिलेले असतात, बिल दुकानदाराचे असते. म्हणजे व्यवहार त्या दोघांमधला आहे. उत्पादकाची वॉरंटी ही त्यावरची जादा हमी आहे. ती विक्रेत्याची जबाबदारी पुसून टाकत नाही. म्हणून तक्रार करताना दुकानदार आणि उत्पादक या दोघांनाही प्रतिपक्ष करावे. दोष दूर करून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे सर्व आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. कोणता द्यायचा हे दोषाच्या स्वरूपावर ठरते. सैल झालेल्या बटणासाठी आख्खा संच बदलून मिळेल अशी अपेक्षा धरू नये. पण पहिल्याच दिवशी बंद निघालेल्या यंत्राबद्दल 'दुरुस्त करून घ्या' एवढेच ऐकून गप्प बसण्याचेही कारण नाही.

संगणकावरून वा मोबाईलवरून घरपोच मागवलेल्या वस्तूंसाठी २०२० चे ई-व्यापार नियम आहेत. वस्तू सदोष वा बनावट असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे, असेही बंधन आहे.

मन बदलले तर?

इथवर ग्राहकाची बाजू झाली. आता दुसरीही बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वस्तू निर्दोष आहे, पण रंग आवडला नाही, शेजाऱ्याला दोन हजारांनी स्वस्त मिळाली, किंवा नंतर वाटले की याची गरजच नव्हती. अशा वेळी ती परत करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायद्याने दिलेला नाही. दुकानाने वा संकेतस्थळाने स्वतः होऊन तशी सवलत दिली असेल, तर ती त्याने पाळली पाहिजे, एवढेच. युरोपीय संघात घरबसल्या केलेल्या खरेदीसाठी चौदा दिवसांची माघारीची मुदत कायद्याने मिळते. तशी सरसकट मुदत आपल्याकडे नाही.

हा भेद जो विसरतो तो चळवळीची हानी करतो. क्रिकेटच्या अंतिम सामन्यापुरता मोठा संच आणायचा आणि दुसऱ्या दिवशी 'चित्र नीट दिसत नाही' म्हणून परत करायचा, हा हक्क नव्हे, ही लबाडी आहे. तिचा भुर्दंड शेवटी दुसऱ्या प्रामाणिक ग्राहकावरच पडतो.

बंधूंनो, हा भेद आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने पाहिला होता. ग्राहकहिताची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असे सांगणाऱ्यांनी आपले व्यवहारशास्त्र उघडून पाहावे. खरेदी-विक्रीनंतरच्या पश्चात्तापाला तेथे 'अनुशय' म्हणतात आणि तो न्यायदानाचा स्वतंत्र विषय आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील 'धर्मस्थीय' अधिकरणात त्यासाठी व्यापाऱ्यांना एक, शेतकऱ्यांना तीन आणि गोपालकांना पाच दिवसांची मुदत दिली आहे. याज्ञवल्क्यस्मृती वस्तूगणिक परीक्षेचा काळ सांगते. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि बियाण्याला दहा. जो दोष जितक्या दिवसांनी उघड होऊ शकतो, तितकी मुदत, हे त्यामागचे तारतम्य. त्या यादीत माणसांच्या खरेदीचाही उल्लेख आहे. तो भाग काळाआड गेला आणि तो जायलाच हवा होता. पण परीक्षेसाठी मुदत देण्याचे तत्त्व मात्र आजही खरे आहे.

नारदस्मृतीने तर मन बदललेल्या ग्राहकाचाही विचार केला. खरेदी फसली असे वाटले तर माल त्याच दिवशी, जसाच्या तसा परत करावा. दुसऱ्या दिवशी केला तर किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर माल ग्राहकाचाच. ग्राहकाला संधी आणि व्यापाऱ्याला भरपाई, असा दोघांच्या हिताचा हा तोल आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारख्या महाराष्ट्राच्या सुपुत्राने धर्मशास्त्राचा इतिहास लिहून हे धन आपल्यापुढे मांडले. आपण त्याची पूजा करतो, पण बाजारात ते वापरत नाही.

व्यापारी बांधवांना म्हणूनच माझी विनंती आहे. आज परकीय भांडवलाच्या बलाढ्य कंपन्या 'सहज परत करा' एवढ्या एका आश्वासनावर आपल्या गावातील गिऱ्हाईक ओढून नेत आहेत. पेठेतील दुकानदाराजवळ त्यांच्याइतके भांडवल नाही, पण ओळख आहे, विश्वास आहे. 'पहिल्या आठवड्यात दोष निघाला तर आम्ही बदलून देऊ, कंपनीशी आम्ही बोलू' अशी पाटी त्याने लावून पाहावी. वितरक आणि उत्पादक त्याला दाद देत नसतील, तर त्या लढाईत ग्राहकाने त्याच्या बाजूने उभे राहावे. ग्राहक आणि व्यापारी हे एकाच समाजाचे दोन हात आहेत.

मग करायचे काय?

पक्के बिल घ्या. त्यावर वस्तूचा अनुक्रमांक लिहिला आहे ना, हे पाहा. शक्य असेल ती वस्तू दुकानातच उघडून, चालवून घ्या. दूरचित्रवाणी संचासारख्या नाजूक वस्तूचे खोके जोडणीसाठी कंपनीचा माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोरच उघडा, म्हणजे तडा कोणामुळे गेला हा वाद उरत नाही. घरी उघडताना अनुक्रमांक दिसेल असे चित्रीकरण मोबाईलवर करून ठेवा. खोके, आतले थर्मोकोल, तारा आणि पुस्तिका महिनाभर तरी टाकू नका.

दोष दिसला की वापर थांबवा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. नव्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, मग विक्रेता मुंबईचा असो वा दिल्लीचा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि २०२५ पासून 'ई-जागृती' संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. दोष नुसत्या डोळ्यांना दिसणारा नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

कायद्यात तक्रारी तीन ते पाच महिन्यांत निकाली काढण्याचे उद्दिष्ट आहे, पण प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे मी नाकारत नाही. म्हणूनच एकट्या गुरुजींना ही लढाई जड जाते. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक गृहसंकुलात दोन कार्यकर्ते आठवड्यातून एक तास बसले, गुरुजींना अर्ज लिहून दिला आणि त्यांच्याबरोबर दुकानात गेले, तर बरेचसे वाद आयोगापर्यंत जाणारच नाहीत. 'सील फुटले आहे' असे सांगणाऱ्यासमोर तीन माणसे शांतपणे, कायद्याचे कलम हातात घेऊन उभी राहिली की बिलावरची ती ओळ फिकी पडते. अन्याय मुकाट्याने सोसायचा नाही आणि स्वतःही करायचा नाही, हा ग्राहकधर्म आहे. येत्या वर्षात आपल्या गावातील निदान एका दुकानाच्या बिलावरून ती ओळ काढून टाकण्याचा संकल्प आपण येथून करून जाऊ या.