मुरलेलें तंत्र

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत राजकारणाच्या खालोखाल जी वार्ता आवडीनें वाचली जाते, ती नव्या यंत्रांची होय. अमुक दूरध्वनीचा पडदा पूर्वीपेक्षां किती तेजस्वी आहे, तमुक खेळयंत्रावरील चित्र क्षणांत किती वेळां पालटतें, यांविषयीं दहा-बारा वर्षांचा मुलगा आणि त्याचे वडील सारख्याच आवेशानें मत देत असतात. वडिलांचें मत किंमतीकडे झुकतें, मुलाचें शेजारच्या घरांत काय आलें आहे त्याकडे. परंतु दोघांचाही आधार एकच, तो म्हणजे आंकडे. ज्याचे आंकडे मोठे तें यंत्र श्रेष्ठ! दिवाळी जवळ आली आणि सहामाही परीक्षा बरी गेली, म्हणजे या मतांतून खरेदी निष्पन्न होते. आणि पुष्कळदां दोन महिन्यांच्या आंत तेंच यंत्र कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसतें. पैसा गेल्याचें दुःख आईबापांना होतेंच. पण इतक्या हौसेनें मागितलेल्या वस्तूविषयीं मुलाचें मन विटलें कां, याचा उलगडा मात्र कोणालाच होत नाहीं.

तो उलगडा करून घ्यावयाचा असेल तर जपानांतील गुन्पेई योकोई यांचें चरित्र फार उपयोगी पडेल. योकोई यांचा जन्म १९४१ सालीं क्योतो येथें झाला. विद्युत्-विषयक शिक्षण घेतल्यावर १९६५ सालीं ते त्याच शहरांतील निन्टेंडो या पेढींत नोकरीस लागले. ही पेढी १८८९ मध्यें स्थापन झालेली, आणि तिचा मूळ धंदा पत्ते तयार करण्याचा. आपल्याकडे सावंतवाडीच्या रंगीत गंजिफा जशा प्रसिद्ध आहेत, तसे जपानांत फुलांच्या चित्रांचे ‘हानाफुदा’ नांवाचे पत्ते प्रसिद्ध आहेत. त्यांवरच या पेढीचा जम बसला होता. पत्ते बनविणाऱ्या यंत्रांची देखभाल करणें हें योकोईंचें काम. काम थोडें आणि वेळ पुष्कळ, अशी स्थिति असल्यामुळें त्यांनीं रिकामपणीं एक खेळणें केलें. मुठी जवळ आणल्या कीं त्यांतील फुल्यांप्रमाणें जोडलेल्या पट्ट्या लांब होत आणि दूरची वस्तु चिमटींत पकडीत. पेढीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस तें पडलें. कामाच्या वेळीं खेळत बसलेल्या नोकरावर रागावण्याऐवजीं त्यांनीं तें खेळणें विक्रीस तयार करण्याची आज्ञा केली. १९६६ सालीं ‘अल्ट्रा हँड’ या नांवानें तें बाजारांत आलें आणि दहा लाखांवर खपलें.

पुढें एकदां आगगाडीच्या प्रवासांत एक गृहस्थ कंटाळा घालविण्यासाठीं गणकयंत्राचीं बटनें उगाच दाबीत बसलेले त्यांना दिसले, अशी हकीकत योकोई सांगत असत. त्या काळीं शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांच्या चढाओढीमुळें खिशांतील गणकयंत्रें आणि त्यांचे छोटे पडदे अतिशय स्वस्त झाले होते. संशोधकाला त्या पडद्यांत कांहींच नवल उरलें नव्हतें. योकोईंनीं तेच पडदे घेऊन तळहातावर मावणारा खेळ केला. १९८० सालापासून ‘गेम अँड वॉच’ या नांवानें निघालेल्या या खेळांचे चार कोटींवर नग विकले गेले. त्यांपैकींच १९८२ च्या एका खेळांत त्यांनीं अधिक-चिन्हाच्या आकाराचें एक बटन बसविलें. अंगठा न उचलतां चारी दिशांना चाल करण्याची ही सोय खेळयंत्रांत पुढें सार्वत्रिक झाली.

या पद्धतीला योकोईंनीं दिलेलें नांव मोठें मार्मिक आहे. वाळलेलें तंत्र घेऊन त्याचा आडव्या वाटेनें विचार करावा, असा त्याचा आशय. वाळलेलें म्हणजे टाकाऊ नव्हे. आपल्या घरांत लोणचें मुरलें असें म्हणतात, त्याच अर्थानें तें तंत्र मुरलेलें असतें. त्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झालेले, किंमत उतरलेली, आणि मोडलें तर कां मोडलें हेंही कळणारें. अशा तंत्राला कोणीं न दिलेलें काम द्यावयाचें, एवढेंच कल्पकतेचें कार्य शिल्लक राहतें.

या विचाराची खरी कसोटी १९८९ सालीं लागली. त्या वर्षीं योकोई यांच्या विभागानें केलेलें ‘गेम बॉय’ हें यंत्र बाहेर पडलें. त्याचा पडदा हिरवट, रंगहीन, मागून उजेड नसलेला. चित्र वेगानें सरकलें कीं मागें अस्पष्ट छाया उरे. त्याच वर्षीं अटारीचें ‘लिंक्स’ आणि पुढल्या वर्षीं सेगाचें ‘गेम गियर’ हीं यंत्रें आलीं. त्यांचे पडदे रंगीत आणि प्रकाशित होते. वर्तमानपत्रांतील आंकडे पाहून मत देणाऱ्या मनुष्यानें गेम बॉयला त्याच दिवशीं मूठमाती दिली असती. योकोईंनीं मात्र, प्रतिस्पर्ध्याचा पडदा रंगीत आहे एवढें कळतांच, मग काळजी नाहीं असें म्हटल्याचें सांगतात. त्यांचें गणित निराळें होतें. रंगीत पडदा सहा पेन्सिल-सेल तीन ते पांच तासांत संपवी. गेम बॉय चारच सेलांवर दहा तासांहून पुष्कळ अधिक चाले. अमेरिकेंत एकाची किंमत सुमारें ९० डॉलर, तर गेम गियरची १५०. रंगाविषयीं त्यांचें म्हणणें असें कीं, फळ्यावर दोन वर्तुळें काढलीं तरी पाहणाऱ्याला बर्फाचा बाहुला दिसतो, आणि त्याचा शुभ्रपणा त्याचें मनच पुरवितें.

सोबत खेळही योग्य मिळाला. मॉस्को येथील अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनीं १९८४ सालीं रचलेला ‘टेट्रिस’ अमेरिकेंत या यंत्राबरोबरच दिला जाई. पडणाऱ्या चौकटी नीट रचावयाच्या, एवढाच तो खेळ. त्याला रंगाची गरज नव्हती, आणि तो आजोबांना व नातवाला सारखाच कळे. दोन यंत्रें तारेनें जोडून दोघांना सामना खेळतां येई. टिकाऊपणा तर असा कीं, १९९०-९१ च्या आखाती युद्धांत बाँबहल्ल्यामुळें होरपळलेला एक गेम बॉय पुढेंही चालत राहिला, आणि न्यूयॉर्क येथील दुकानांत तो अनेक वर्षें मांडून ठेविला होता. नंतरच्या रंगीत आवृत्तीसह गेम बॉयचे ११ कोटी ८० लाखांहून अधिक नग गेले. गेम गियरचे सुमारें एक कोटीच.

एवढ्यावरून जुनें तेंच सोनें असा सिद्धान्त कोणी काढील, तर योकोईंच्याच आयुष्यांतील पुढील प्रकरण त्यास आडवें येतें. १९९५ सालीं त्यांचें ‘व्हर्च्युअल बॉय’ हें यंत्र निघालें. त्यांतील लाल दिवेही स्वस्त आणि परिचितच होते. तरीही वर्षभराच्या आंत तें बंद करावें लागलें, आणि आठ लाख नगही गेले नाहींत. कारण उघड आहे. तें टेबलावर मांडावें लागे, मान वांकवून त्यांत तोंड खुपसावें लागे, डोळे शिणत, आणि शेजारीं बसलेल्याला आंत काय चाललें आहे याचा पत्ताच नसे. ज्यानें आगगाडींतील कंटाळलेला प्रवासी इतक्या बारकाईनें पाहिला, त्याच्याच हातून या वेळीं खेळणाऱ्या माणसाची मान आणि डोळे विसरले गेले. १९९६ सालीं योकोईंनीं पेढी सोडून स्वतःची छोटी संस्था काढली. पण ४ ऑक्टोबर १९९७ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. बान्दाई कंपनीसाठीं त्यांनीं आंखलेलें ‘वंडरस्वान’ हें यंत्र १९९९ सालीं आलें. तें एकाच पेन्सिल-सेलवर चाले, आणि त्याचा पहिला पडदा पुन्हां रंगहीनच होता.

तेव्हां यंत्र नवें कीं जुनें, हा प्रश्न दुय्यम आहे. तें कोठें वापरलें जाणार, सलग किती वेळ, आणि कोणाबरोबर, हे तीन प्रश्न खरे होत. आणि जाहिरातींतील कोष्टकांत त्यांचीं उत्तरें नसतात. तीं घरांतच शोधावीं लागतात. मित्राकडे महाग यंत्र पाहून हिरमुसल्या तोंडानें घरीं आलेल्या मुलाला ‘पैसे काय झाडाला लागतात?’ असें म्हणणें सोपें आहे. पण त्यानें त्याचा गैरसमज मात्र दृढ होतो, कीं आपणांस हलकें मिळतें तें केवळ पैसा नाहीं म्हणून. त्याऐवजीं वडिलांनीं त्याला जवळ बसवून हे तीन प्रश्न विचारावेत आणि त्याचें उत्तर पुरतें ऐकून घ्यावें. कदाचित् तो स्वतःच स्वस्त यंत्र निवडील. कदाचित् महागच हवें असें तो पटवून देईल. तसें झालें तर तें आनंदानें घ्यावें, कारण मग तें कपाटाच्या वरच्या फळीवर जाण्याचा संभव थोडा.