डॉक्टरांचा न दिसणारा शीण



एखाद्या डॉक्टरांचें कौतुक करतांना आपण सहज म्हणतों, "दोन दिवस त्यांनीं डोळ्याला डोळा लावला नाहीं!" आज या स्तुतीविषयींच मला बोलावयाचें आहे, कारण रोग्याच्या दृष्टीनें ती स्तुति नसून धोक्याची सूचना आहे.

अमरावतीचें इर्विन अथवा अकोल्याचें सर्वोपचार रुग्णालय डोळ्यांपुढें आणा. मेळघाटांतला रोगी घाट उतरून अमरावतीस पोंचतो, तो पुष्कळदां उशिराच. रात्रपाळीचा तरुण डॉक्टर सर्पदंशाच्या रोग्याचा श्वास न्याहाळीत असतो. तोंच परिचारिका दुसऱ्या खाटेवरील रोग्याचा रक्तदाब सांगते, कोणी नातलग चिठ्ठी पुढें करतो, दूरध्वनी वाजतो. प्रत्येक वेळीं तुटलेला विचार पुन्हां जोडावयाचा, औषधाचें प्रमाण ठरवावयाचें, कोणास नागपुरास धाडावें याचा निर्णय घ्यावयाचा. अंगाचा शीण चेहऱ्यावर दिसतो. हा मनाचा शीण कोणासच दिसत नाहीं. पुष्कळदां तो ज्याचा त्यासहि कळत नाहीं, आणि खरा घात तेथेंच आहे.

ऑस्ट्रेलियांतील डॉसन व रीड या संशोधकांनीं १९९७ सालीं प्रयोगानें दाखविलें कीं, सलग १७ तास जागलेल्या मनुष्याच्या हाताची व नजरेची चपळाई, रक्तांत ०.०५ टक्के मद्य असलेल्या मनुष्याइतकी मंदावते. मद्य घेतलेल्या डॉक्टराच्या हातीं आपण आपलें मूल देणार नाहीं. जागलेल्या डॉक्टराला मात्र हात जोडतों!

फेब्रुवारी २०२१ मध्यें करोनाची दुसरी लाट महाराष्ट्रांत जेथें आधीं उसळली, त्यांत अमरावती व अकोला हे जिल्हे होते. अशा महिनोन्‌महिने चालणाऱ्या ताणानें मनुष्य आंतून थकतो, कामापासून त्याचें मन उडतें, आणि आपल्या हातून कांहींच होत नाहीं असें त्यास वाटूं लागतें. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हीं तीन लक्षणें एकत्र नोंदवितांना स्पष्ट म्हटलें कीं, ही व्यक्तीची व्याधि नव्हे. कामाच्या ठिकाणीं न आवरलेल्या ताणाचें तें फळ होय. म्हणजे उपायहि तेथेंच हवा. 'धीर धरा' हा उपदेश पुरेसा नाहीं.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलानें २०२४ सालीं निवासी डॉक्टरांस आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम नसावें व एक दिवस सुटी असावी, अशी शिफारस केली. थकलेल्यानें स्वतःच 'आतां पुरे' म्हणावें, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ती मर्यादा व्यवस्थेनेंच घालावी व कसोशीनें पाळावी.

आपलें कर्तव्य लहान आहे, पण मोलाचें आहे. रोग्याजवळ घोळका करूं नये. विचारणा एकानेंच व शक्यतों डॉक्टरांच्या फेरीच्या वेळीं करावी. आणि "डॉक्टर झोपले आहेत, त्यांच्या जागीं दुसरे आहेत," असें उत्तर मिळालें तर रागावूं नये. ती झोपहि आपल्याच रोग्याच्या उपचाराचा भाग आहे.